घरावरील छत्री : सातव्या इयत्तेसाठी एक विज्ञानपाठ



सन २०२० च्या जुलै महिन्यात शाळा बंद असता सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू झाली. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातील एका गावी एका पालकाच्या घरी चित्रच दिसेना. कारागीर नवा खोका बसवून गेला, पैसेही गेले; चित्र नाहीच. मुलीचे तीन आठवडे वाया गेले. अखेर दोष आढळला तो घरालगतच्या कडुनिंबात! पावसाळ्यात फोफावलेली फांदी छत्रीच्या आड आली होती. ती छाटताच पाठ दिसू लागले. छत्रीचे तत्त्व घरात एकालाही ठाऊक असते, तर ही हानी टळली असती. म्हणून प्रस्तुत पाठ.

साहित्य : होकायंत्र, कोनमापक, ओळंबा, लहान आरसा.

१. दिशा. डीडी फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात तो तिच्याभोवती फिरतो. म्हणून आपणांस तो स्थिर असतो. परभणीहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर येतो. मुलांना मैदानावर नेऊन ती दिशा व तो कोन हाताने दाखवावयास सांगावे. मार्गात झाड किंवा भिंत नको, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.

२. छत्री. आरशाने उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडून दाखवावा. छत्री याचप्रमाणे तरंगांचे परावर्तन करते. तिच्या वक्र आकारामुळे ते सर्व एका बिंदूवर, नाभीपाशी, एकत्र येतात. सन १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी तीन मीटर व्यासाच्या जाळीदार छत्र्या वापरल्या होत्या. आता उपग्रह अधिक शक्तिमान व तरंग अधिक आखूड असल्याने साठ-पासष्ट सेंटिमीटरची छत्री पुरते.

३. रूपांतरक. नाभीपाशी बसविलेला लहान डबा, ज्यास कारागीर एल.एन.बी. म्हणतात, तो दोन कामे करतो. प्रथम तो अतिक्षीण संकेत वाढवितो. परंतु सेकंदास कोट्यवधी कंपने असलेला हा तरंग लांब तारेतून नेल्यास वाटेतच क्षीण होतो. म्हणून डबा स्वतःचा एक तरंग निर्माण करून त्यात मिसळतो व दोहोंतील फरकाइतक्या वारंवारतेचा तरंग खाली धाडतो. फळ्यावर वजाबाकी मांडावी :

११,०९० − ९,७५० = १,३४० मेगाहर्ट्झ

वारंवारता उतरली, तरी आतील मजकूर तोच राहतो, हे आवर्जून सांगावे.

४. खोका. घरातील सेट टॉप बॉक्स आलेल्या तरंगातून हवी ती वाहिनी निवडतो आणि शून्य व एक या अंकांच्या रूपातील मजकुरापासून चित्र व ध्वनी घडवितो. रूपांतरकास लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीजही तो त्याच तारेतून वर पाठवितो. म्हणून तारेचा जोड गंजला, तरी चित्र जाते.

५. पाऊस. हा तरंग सुमारे २.७ सेंटिमीटर लांबीचा असतो. मुसळधार पावसाचे थेंब तो शोषतात व विखुरतात. त्यामुळे चित्र थबकते. पाऊस ओसरला की ते आपोआप परत येते. अशा वेळी, विशेषतः विजा चमकत असता, छपरावर चढू नये, ही सूचना पाठातून वगळू नये.

स्वाध्याय : प्रत्येक मुलाने जमिनीवरूनच आपल्या घरच्या छत्रीची दिशा होकायंत्राने पाहून वहीत नोंदवावी. काही छत्र्यांची दिशा निराळी आढळेल. त्यांचा उपग्रह निराळा, हे उत्तर मुलांनीच शोधावे. ज्या घरी छत्री नाही, तेथील मुलास शेजारच्या घरी जोडीने पाठवावे.

पुन्हा कधी शाळेचे दार बंद झाले, तर छत्रीची दिशा पाहणारे एक तरी मूल प्रत्येक वस्तीत असावे, एवढीच या पाठाकडून अपेक्षा.