माउंट झाले, तरी दिसत नाही

प्रश्न : सर्व्हरवरचा जुना लॉजिकल व्हॉल्यूम काढून टाकला आणि नव्या डिस्कवर वेगळ्या नावाने दुसरा तयार केला. एक्सएफएसने फॉरमॅट केला, एफएसटॅबमधली ओळ बदलली आणि '/डेटा'वर माउंट केला. एकही एरर नाही, पण डीएफमध्ये तो दिसतच नाही. डिस्क खराब निघाली का?

उत्तर : डिस्कवर संशय घेऊ नका, एलव्हीएमचाही दोष नाही. तुमचा व्हॉल्यूम खरोखरच माउंट होतो आणि पुढच्याच क्षणी सिस्टमडी तो अनमाउंट करतो.

मशीन सुरू होताना सिस्टमडी एफएसटॅब वाचून प्रत्येक ओळीचे एक माउंट युनिट बनवतो आणि ते त्या ओळीतल्या डिव्हाइसला बांधतो. डिव्हाइस गेले की माउंटही काढायचे, असा नियम. तुम्ही फाइल बदललीत, पण आधी बनलेले युनिट जुन्याच व्हॉल्यूमला बांधलेले राहिले. '/डेटा'वर काही चढल्याचे कर्नलकडून कळताच सिस्टमडी ते युनिट पाहतो, त्याचे डिव्हाइस सापडत नाही, म्हणून माउंट काढतो. माउंट कमांडचे काम तोवर यशस्वी झालेले असते, मग ती एरर कशाची देणार? एफएसटॅबमध्ये यूयूआयडी असेल, तर व्हॉल्यूमचे नाव तेच ठेवूनही हे घडते. फॉरमॅट केल्यावर यूयूआयडी नवा मिळतो.

जर्नलसीटीएल उघडा. 'डेटा डॉट माउंट' हे युनिट निष्क्रिय डिव्हाइसला बांधलेले असल्याने थांबवले, अशा अर्थाची नोंद तिथे सापडेल. 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' द्या आणि पुन्हा माउंट करा. रीबूटनेही हे सुटते, आणि म्हणूनच खरे कारण अनेकांना कधी कळतच नाही.

मला जास्त काळजी वाटते ती मधल्या वेळेची. त्या काळात एखाद्या प्रोग्रामने '/डेटा'मध्ये काही लिहिले असेल, तर ते रूट फाइल सिस्टमवर गेले. नवा व्हॉल्यूम चढला की त्या फाइली झाकल्या जातात. पुसल्या जात नाहीत, पण जागा अडवून बसतात. रूटचा '/एमएनटी'वर बाइंड माउंट करा, '/एमएनटी/डेटा'मध्ये काय आहे ते पाहा आणि हवे ते हलवून घ्या. डिरेक्टरी रिकामी झाली की बाइंड माउंटमधूनच तिला 'सीएचॲटर'ने अपरिवर्तनीय करून ठेवा. यापुढे व्हॉल्यूम चढलेला नसताना कोणी तिथे लिहायला गेले, तर लगेच एरर मिळेल.