रेल्वे पास की सुटी तिकिटे? जपानच्या प्रवासाचा हिशेब

२०२४ च्या मार्च महिन्यात आमच्या शाखेच्या परकीय चलन विभागात एक निवृत्त दांपत्य आले होते. मुलगी नोकरीनिमित्त टोकियोत राहते. तिच्याकडे दहा दिवस जाऊन, जमल्यास क्योटो आणि हिरोशिमा पाहून परतावे, असा त्यांचा बेत होता. येनच्या दराची चौकशी आटोपल्यावर काकांनी पिशवीतून एक कागद काढला. "मॅडम, हा सात दिवसांचा रेल्वे पास घ्यावा का? दोघांचे मिळून एक लाख येन होतात. मुदत ठेव मोडून चाललो आहोत, म्हणून विचारतो." प्रश्न बँकिंगचा नव्हता, परंतु हिशेबाचा निश्चितच होता. परदेशी निघालेले अनेक ग्राहक तो या ना त्या स्वरूपात विचारतात, म्हणून त्याची थोडी सविस्तर मांडणी येथे करीत आहे.

मुंबईच्या लोकलने रोज कामावर जाणाऱ्यास मासिक पास घ्यावा की नाही, असा प्रश्न पडत नाही. त्याच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. पास नसला तरी त्याला त्या कराव्याच लागतात. पर्यटकाचे तसे नसते. त्याच्या फेऱ्या इच्छेवर अवलंबून असतात आणि पास हातात पडला की ती इच्छाच बदलू लागते. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर सुटे तिकीट हा बदलता खर्च, तर पास हा स्थिर खर्च. पहिल्या फेरीपूर्वीच सगळी रक्कम खर्ची पडलेली असते आणि पुढची प्रत्येक फेरी फुकट वाटते.

जपानचा हा देशव्यापी पास तेथील तत्कालीन राष्ट्रीय रेल्वेने १९८१ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी सुरू केला. १९८७ मध्ये त्या रेल्वेचे विभाजन होऊन सहा प्रवासी कंपन्या झाल्या. पास मात्र सहाही कंपन्यांच्या गाड्यांवर चालत राहिला. पुष्कळ वर्षे त्याबाबत फारसा विचार करण्याचे कारणच नव्हते. सामान्य श्रेणीचा सात दिवसांचा पास २९,६५० येनांना मिळत असे आणि टोकियो-क्योटो जाण्यायेण्यातच त्याची किंमत जवळजवळ भरून निघे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही किंमत ५०,००० येन झाली, म्हणजे वाढ सुमारे ६९ टक्क्यांची. जपान पाहून आलेल्या स्नेह्यांचा "डोळे मिटून पास घ्या" हा सल्ला बहुधा त्यापूर्वीचा असतो.

आता काकांचा बेत पाहू. २०२४ च्या दराने, सर्वसाधारण हंगामात, सर्वांत जलद अशा 'नोझोमी' गाडीत आरक्षित आसनासह टोकियो ते क्योटो १४,१७० येन. क्योटो ते हिरोशिमा सुमारे ११,००० येन. हिरोशिमाहून थेट टोकियो १९,७६० येन. एकूण सुमारे ४५,००० येन. पासपेक्षा माणशी पाच हजार कमी.

काकांच्या कागदावर मात्र पास अठरा हजारांनी स्वस्त ठरला होता! मी बारकाईने पाहिले तेव्हा नवव्या दिवशी "सेंदाई, जाऊन-येऊन" अशी नोंद दिसली. टोकियोहून उत्तरेकडील या शहराचे एकेरी भाडे सुमारे ११,४०० येन. दोन्ही बाजू धरून सुट्या तिकिटांची बेरीज ६८,००० च्या आसपास जाते. "सेंदाईत काय पाहणार?" असे मी विचारले. काकांनी काकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, "काही नाही हो, पास वसूल व्हायला नको का? त्या दिवशी खरे तर रविवार आहे, मुलगी घरी असते."

सगळा घोटाळा त्या 'वसूल' शब्दात होता. ज्या फेरीची कोणालाच आस नव्हती, तिचे भाडे हिशेबात 'बचत' म्हणून धरले गेले होते. सेंदाई खोडली की पास पाच हजारांनी महाग, हे उघड होते. शिवाय काकूंचे गुडघे दुखत होते आणि मुलीसोबतचा एकमेव मोकळा रविवार गाडीत जाणार होता. तुलना करावयाची ती पास नसतानाही आपण ज्या फेऱ्या केल्या असत्या, तेवढ्यांचीच. त्यांची यादी पासची किंमत पाहण्यापूर्वी लिहून काढावी, असे मी सर्वांना सुचवते.

आणखी एक बाब जाहिरातीतील ठळक अक्षरांत सापडत नाही. पासधारकाला 'नोझोमी' गाडीत पूर्वी बसताच येत नसे. ऑक्टोबर २०२३ पासून बसता येते, परंतु वेगळा अधिभार भरून. टोकियो-क्योटोसाठी ४,९६० येन आणि टोकियो-हिरोशिमासाठी ६,५०० येन. तो टाळायचा तर 'हिकारी' गाडी घ्यावी. क्योटोपर्यंत तिला अडीच तासांहून थोडे अधिक लागतात; 'नोझोमी'ला सव्वादोन. हा फरक किरकोळ, पण हिरोशिमाला जाताना बहुधा वाटेत गाडी बदलावी लागते. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलीला तर हा पास घेताच येत नाही. तो अल्पकालीन अभ्यागतांसाठीच आहे. म्हणजे तिचे तिकीट एका गाडीचे आणि आईवडिलांचा पास दुसऱ्या गाडीचा, असा प्रसंग ओढवायचा.

देशव्यापी पास आणि सुटी तिकिटे यांच्यामध्ये प्रादेशिक पास असतात, त्यांच्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. पश्चिम जपानच्या रेल्वेचा पाच दिवसांचा कान्साई-हिरोशिमा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये १५,००० वरून १७,००० येन झाला. क्योटोत मुक्काम ठेवून हिरोशिमाला जाऊन आल्यास तेवढ्या एका दिवसाचेच सुटे भाडे २२,००० च्या घरात जाते. उलट या पासात नारा आणि हिमेजीही येतात. अट एवढीच की क्योटो ते शिन-ओसाका हा टप्पा बुलेट ट्रेनऐवजी साध्या गाडीने करावा, कारण तेथील बुलेट ट्रेनचा मार्ग दुसऱ्या कंपनीचा आहे.

देशव्यापी पास निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तो सलग सात दिवसांचा असतो. त्या सात दिवसांत उत्तरेकडील सेंदाईपासून दक्षिणेकडील फुकुओकापर्यंत मनापासून फिरणाऱ्या तरुण प्रवाशाला तो आजही परवडतो. ठरवलेला बेत ऐन वेळी बदलण्याचे स्वातंत्र्य हेही मोलाचे. परंतु जपानमध्ये त्यासाठी फार मोठी रक्कम मोजण्याचे कारण नाही. तेथील नेहमीचे भाडे बव्हंशी ठरावीक असते, हंगामानुसार काही शे येनांचाच फरक पडतो. आदल्या दिवशी तिकीट काढले म्हणून ते दुप्पट होत नाही आणि गाडी सुटण्यापूर्वी एकदा विनाशुल्क बदलूनही घेता येते. युरोपात स्थिती वेगळी. तेथे अनेक देशांत लांब पल्ल्याचे तिकीट लवकर काढल्यास स्वस्त आणि उशिरा काढल्यास फार महाग पडते. पास असूनही फ्रान्समधील जलद गाड्यांत आसनाचे निराळे पैसे द्यावे लागतात. जपानचा हिशेब तिकडे जसाच्या तसा लावू नये.

पास घ्यायचाच ठरल्यास विमानतळावर पासपोर्टवर अल्पकालीन अभ्यागताचा शिक्का वा चिकटपट्टी मिळाली का, हे तेथेच पाहावे. भारतातून घेतलेली पासची पावती तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि पास एकदा सुरू झाला की परतावा मिळत नाही. शहरातील भुयारी रेल्वे व खाजगी मार्ग या पासात येत नाहीत. तो खर्च दोन्ही पर्यायांत तेवढाच, म्हणून तुलनेत धरू नये. परकीय चलनातील रक्कम कार्डाने भरताना त्यावर लागणारे शुल्क मात्र धरावे.

काका-काकूंनी देशव्यापी पास घेतला नाही. टोकियो-क्योटोची जाण्यायेण्याची सुटी तिकिटे आणि मधल्या दिवसांसाठी प्रादेशिक पास मिळून माणशी ४५,३४० येन झाले. मे महिन्यात उरलेल्या नोटा परत करायला ते आले, तेव्हा काकूंनी सांगितले की क्योटोत एक दिवस पावसामुळे खोलीतच गेला, आणि रविवारी मुलीने घरी पुरणपोळ्या केल्या. येनची नाणी आम्हाला परत घेता येत नाहीत, हे ऐकून काकांनी ती मुठीत धरली आणि नातवासाठी म्हणून खिशात टाकली.