डीओ पाडले म्हणजे झालं?

डीओची, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूजची, तिन्ही बॅरल मी काढून पायाशी ठेवली होती. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण त्या बॅरलांकडे बघूनच मी हेल्परला म्हणालो होतो, ‘चढ, बिनधास्त.’

१९९७ चा डिसेंबर. पांढरकवड्याच्या बाजूची एक जिनिंग-प्रेसिंग. सीझन जोरात, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि नेमकं ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (हाय टेन्शन) बुशिंगमधून तेल पाझरायला लागलेलं. दोन तासांत उरका, एवढंच मालकाचं म्हणणं. जीओ स्विच ओढला, डीओ पाडले. अर्थिंगचा रॉड गाडीतच राहिला. डीओच नाहीत तर करंट येणार कुठून?

हेल्परचा पाना बुशिंगच्या नटाला पुरता लागलाही नव्हता. निळा लोळ, बार फुटल्यासारखा आवाज, आणि पोरगं खाली. नंतर तो पाना मी उचलून पाहिला. टोक वितळून त्याचा मण्याएवढा थेंब झाला होता. पोरगं यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला. जगलं, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली.

करंट आला तो मागच्या दाराने. मालकाने दोन वर्षांपूर्वी शेजारची तेल मिल विकत घेतली होती. तिची स्वतःची ११ केव्हीची सर्व्हिस, वेगळ्या फीडरवरची, वेगळा ट्रान्सफॉर्मर; तिचा डीपी (दोन खांबांचा सांगाडा) गोदामाच्या मागे. मधली भिंत पाडल्यावर आवार एकच झालं. मग एकीकडची लाईट गेली की दुसरीकडची घेता यावी म्हणून दोन्ही एलटी (लो टेन्शन) पॅनलांमध्ये केबल टाकून कपलर, म्हणजे दोघांना जोडणारा ब्रेकर, बसवला होता. एचटीला हात लावला नव्हता, म्हणून कुणाला विचारलंही नव्हतं. ‘एलटीचंच तर आहे’ हे वाक्य मी तेव्हापासून जिथे ऐकतो तिथे कान टवकारतो. ट्रान्सफॉर्मरला पुढचं-मागचं कळत नाही हो. ११,००० व्होल्ट दिले की ४३३ करून देतो, आणि एलटीकडून ४३३ दिले की वर बुशिंगवर ११,००० उभे करतो.

प्रेसवाल्याने कपलर टाकला होता. एरवी तो आधी मेन पाडायचा, मग कपलर घ्यायचा. त्या दिवशी का नाही पाडलं? तो रडत म्हणाला, ‘साहेब, तुमी काम करून राह्यले व्हते, मेन तुमीच पाडलं असन वाटलं.’ त्याचं काय चुकलं? मेन मी पाडायला हवं होतं. पाडून कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायला हवी होती. आणि बुशिंगवर अर्थिंग लावलेलं असतं, तर कपलर टाकताच शॉर्ट होऊन पलीकडचं ब्रेकर पडलं असतं, पोरगं शाबूत उतरलं असतं. मालकाला प्रकरण दाबायचं होतं. मी २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकाकडे कळवलं. ते काम गेलं.

तेव्हा १९५६ चे भारतीय विद्युत नियम लागू होते. त्यातला ४१ वा नियम वेगवेगळी सर्किटं कायमच्या खुणेने ओळखता आली पाहिजेत असं सांगत होता, आणि ४२ वा कुठलाही भाग चुकून त्याच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेबाहेर चार्ज होऊ नये याची जबाबदारी मालकावर टाकत होता. परवान्याच्या परीक्षेसाठी मी दोन्ही घोकले होते. २०१० साली त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ ला तेही नव्याने आले. ही कलमं मात्र कुठे गेली नाहीत. अमेरिकेतला नॅशनल इलेक्ट्रिकल कोड एका इमारतीला मुळात एकच सर्व्हिस मान्य करतो. अपवाद म्हणून जास्त असतील, तर प्रत्येक ठिकाणी कायमची पाटी हवी: बाकीच्या सर्व्हिस कुठे आहेत आणि कोणत्या सर्व्हिसवर कुठला भाग चालतो. आपल्याकडे डीपीवर कवटी असते. कवटीने धोका कळतो, दुसरी लाईन कळत नाही. म्हणून मी अशा ठिकाणी प्रत्येक डीपीवर रंगाऱ्याकडून दुसऱ्या डीपीचा पत्ता लिहून घेतो, जसं: ‘या आवारात दुसरी ११ केव्ही लाईन आहे. तिचा डीपी गोदामामागे.’ खर्च पेंटच्या डब्याचा.

एक गंमत सांगतो. आपल्या जुन्या नियमांत मध्यम दाब म्हणजे २५० ते ६५० व्होल्ट. परदेशी पॅनलांच्या पुस्तकात ११ केव्हीलाच मध्यम म्हणतात. एका मालकाचा पुतण्या ते वाचून मला म्हणाला होता, ‘काका, मीडियमच आहे ना?’

आता कामाला गेलो की ड्रॉइंग मागायच्या आधी मी चौकीदाराला, प्रेसवाल्याला विचारतो, ‘लाईट गेली की तुम्ही काय करता?’ खरा नकाशा त्या उत्तरात असतो. जनरेटर कुठे जोडलाय, छतावरचं सोलर कुठे उतरतं, सगळं निघतं. मग जेवढ्या बाजू, तेवढं पाडायचं, कुलूप घालायचं, टेस्टरने बघायचं, आणि हात लावायच्या आधी एचटी-एलटी दोन्हीकडे अर्थिंग. टेस्टरही आधी चालू लाईनवर तपासून घ्यायचा. मेलेला टेस्टर सगळंच मेलेलं दाखवतो.

दोन इनकमर (आत येणाऱ्या लाईनीचे ब्रेकर) आणि एक कपलर असेल तर किल्लीचं इंटरलॉक घ्याच. ब्रेकर तीन, किल्ल्या दोनच. किल्ली घातल्याशिवाय ब्रेकर लागत नाही, म्हणजे तिन्ही एकदम लागूच शकत नाहीत. वणीच्या एका जिनिंगमध्ये असं पॅनल बसलेलं पाहून मी खूश झालो, ऑपरेटरची पाठ थोपटली. तोही खुलला. खिशातून जुडगा काढून त्याने तिसरी, नवी कोरी किल्ली दाखवली. म्हणाला, ‘भाऊ, अडीनडीले असू द्या मनून बजारातून डुप्लिकेट करून आणली.’