घर एक, रोग एक, मग उपचार दोन का?

प्रश्न : शिमग्याच्या आधी आमच्या घरात कांजण्या शिरल्या. थोरल्या सुनेला फोड उठले आणि पंधरा दिवसांनी ती बाळंत झाली. डॉक्टरांनी बाळ तपासलं, घरी पाठवलं. धाकटी त्याच आठवड्यात बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर फोड आले. तिच्या बाळाला मात्र अंगावर एक फोड नसताना लगेच इंजेक्शन दिलं, दवाखान्यात ठेवून घेतलं. असं का?
– एक आजी, पिरनवाडी

उत्तर : आजी, उत्तर तुम्ही सांगितलेल्या तारखांतच आहे.

नवजात बाळाची विषाणूंशी लढायची स्वतःची ताकद फार कच्ची असते. पहिले काही महिने ते आईकडून आलेल्या प्रतिपिंडांवर निभावतं. ही प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, त्यातली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. पण आईच्या रक्तात असतील तरच ती जाणार. थोरलीला फोड उठल्यावर तिच्या शरीराला पंधरा दिवस मिळाले. तेवढ्यात प्रतिपिंडं तयार झाली आणि बाळापर्यंत पोचलीही. विषाणू गेला असेल, तर त्याच्या मागोमाग त्याचा उतारासुद्धा गेला. धाकटीच्या रक्तात मात्र फोड दिसण्याआधीपासूनच विषाणू फिरत होता. तो बाळाला पोचलेला असू शकतो. प्रतिपिंडं तयार होण्याआधीच नाळ कापली गेली.

म्हणूनच आईला बाळंतपणाच्या आधीच्या ५ दिवसांपासून नंतरच्या २ दिवसांपर्यंत कांजण्या उठल्या, तर बालरोगतज्ज्ञ तो काळ सर्वांत धोक्याचा धरतात. उपचार नव्हते त्या काळातल्या नोंदींत, या दिवसांत लागण झालेल्या बाळांपैकी जवळजवळ ३० टक्के दगावल्याचं दिसतं. मोठ्या मुलाला आठवडाभर खाज देऊन जाणारा हा आजार अशा बाळाच्या फुप्फुसांत आणि यकृतात उतरतो. तुमच्या नातवाला दिलेल्या इंजेक्शनात इतरांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं असतात. आईकडून मिळायची राहिली ती बाहेरून दिली, एवढंच. फोड उठायची वाट पाहिली तर उशीर होतो. फोड आलेच, तर शिरेतून असायक्लोव्हिर देतात.

ज्या आईला लहानपणीच कांजण्या येऊन गेल्या आहेत, तिच्या बाळाला ही प्रतिपिंडं आपोआप मिळतात. आपल्याकडे बहुतेक बायकांना त्या लहानपणी येऊन जातात, म्हणून असे प्रसंग क्वचित येतात. पण येतात तेव्हा 'देवी आली आहे, औषध नको' म्हणून थांबू नये, हे मी हात जोडून सांगते. कडुलिंबाचा पाला खुशाल ठेवा. बाळाला मात्र दवाखान्यात न्या.

चिकुनगुनियाचंही असंच आहे. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मोठी साथ आली तेव्हा हे प्रथम नीट कळलं. बाळंत होताना आईच्या रक्तात विषाणू असेल, तर जवळजवळ निम्म्या बाळांना लागण होत होती. २००६ मध्ये कर्नाटक-महाराष्ट्रातही हीच साथ होती. अशी बाळं जन्मताना ठणठणीत दिसतात आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास अंगावर प्यायची थांबतात. तोवर पुष्कळ बाळंतिणी घरी आलेल्या असतात.

प्रश्न : बाळाचा पापा घ्यायला आशाताई कुणालाच देत नाहीत. पाहुणे रागावतात. एवढं काय त्यात?
– त्याच घरची आत्या

उत्तर : रागावू द्या. तापानंतर ओठाच्या कडेला जी पाण्याची फोडं उठतात, ती हर्पिसची. मोठ्यांच्या ओठावर ती चार-आठ दिवसांत सुकतात. पहिल्या महिन्यात हाच विषाणू बाळाच्या अंगभर पसरला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दहातली आठाहून जास्त बाळं वाचत नाहीत. औषधानं त्यातली पुष्कळ वाचतात, पण ते शिरेतून, २१ दिवस द्यावं लागतं. फोड दिसत नसतानाही विषाणू लाळेत असू शकतो, म्हणून आशाताई कुणालाच वगळत नाहीत. बाईंचं बरोबर आहे.

आशाताईंच्या घरभेटींमागे गडचिरोलीचं काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायकांना बाळाची धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ बघतात. कारण विषाणू असो की जंतू, बाहेरून दिसतं ते सारखंच : दूध ओढणं मंदावतं, रडणं क्षीण होतं, हातपाय लुळे पडतात, छातीखाली खड्डा पडतो, अंग तापतं. किंवा गार पडतं. ते ताप नसल्याचं चिन्ह समजून घरी थांबू नका.

यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. पिरनवाडीहून बेळगावचं जिल्हा रुग्णालय लांब नाही, १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार आणि नेआण मोफत आहे. जाताना बाळाच्या आईला शेवटच्या महिन्यात ताप, पुरळ किंवा फोड कधी आले, ती तारीख कागदावर लिहून न्या. डॉक्टर ते आधी विचारतील.