स्मृतिचिप भरावी कशी आणि पक्की करावी कशी
(तृतीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनिक स्मृतीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझा मूळ विषय भूगोल. अर्धसंवाहकांचा अभ्यास मी कोणत्याही वर्गात केलेला नाही. परंतु काही विषय आपण निवडत नाही, ते आपल्या घरात शिरतात. हा विषय आमच्या घरात गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिरला.

आम्ही उत्तनचे. घरची डोल जाळ्याची बोट आहे. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. तेव्हा बोट ओढून किनाऱ्यावर घेतात, इंजिन आणि बॅटरी काढून घरी आणतात. बंदी उठल्यावर वडिलांनी बॅटरी जोडली, जीपीएसचे यंत्र सुरू केले. पडदा उजळला, उपग्रह सापडले, बोट कोठे उभी आहे हेही यंत्राने बिनचूक सांगितले. मात्र खुणांची यादी उघडली तेव्हा ती कोरी होती. कोणत्या जागी आमची कव, कोणत्या जागी तळाला खडक असून जाळे फाटते, कोठे थंडीत बोंबील चांगला लागतो, अशा चौदा वर्षांत साठवलेल्या खुणा नाहीशा झाल्या होत्या. पुढच्या तीन फेऱ्या जागा शोधण्यातच गेल्या. डिझेल जळले, एक जाळे खडकावर फाटले. एका कवीच्या जागेवरून शेजारच्या बोटीशी बोलाचाली झाली, आणि आमच्याजवळ दाखवायला काहीच नव्हते.

मला पडलेला प्रश्न साधा होता. यंत्र बिघडले असते तर सगळेच बंद पडायला हवे होते. चालायचे कसे हे त्याला आठवत होते; आमच्या खुणा तेवढ्या तो विसरला होता. एकाच पेटीत ही दोन प्रकारची आठवण कशी?

एका पेटीतील दोन आठवणी

उत्तर मिळाले ते मामांकडून. माझे मामा ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या सीप्झमध्ये एका कारखान्यात कामाला होते. सीप्झ म्हणजे १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी स्थापन झालेली वसाहत. मामांचे काम स्मृतिचिपमध्ये प्रोग्रॅम भरण्याचे, ज्याला तेथे 'इप्रॉम बर्न करणे' म्हणत. त्यांनी आमचे यंत्र उघडले आणि पाटीवरची पैशाएवढी एक गोल बॅटरी दाखवली. ती पार संपलेली होती.

त्यांनी सांगितले ते असे. यंत्राने कसे चालावे याचा प्रोग्रॅम कारखान्यातच एका कायम स्मृतीत भरलेला असतो; वीज गेली तरी तो जात नाही. वापरणाऱ्याने भरलेल्या खुणा मात्र आमच्या यंत्रासारख्या काही जुन्या यंत्रांत 'रॅम' या दुसऱ्या स्मृतीत राहतात. रॅमला सतत वीज लागते. बोटीची मोठी बॅटरी जोडलेली असेपर्यंत चिंता नाही. ती काढली की सारा भार त्या छोट्या बॅटरीवर. ती हळूहळू थकत गेली होती आणि पावसाळ्याच्या दोन महिन्यांत तिने अखेरचा श्वास घेतला. तिच्याबरोबर खुणाही गेल्या.

'वीज गेली तरी न जाणारी स्मृती' ही कल्पना जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकात चुंबकीय कड्यांची स्मृती होती. प्रत्येकी ४० अंशांचे २,०४८ शब्द, म्हणजे एकूण ८१,९२० अंश. (अंश म्हणजे द्विमान पद्धतीतील एक शून्य किंवा एक.) मामांच्या खणातून निघालेल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या '२७१६' चिपमध्ये १६,३८४ अंश मावतात. म्हणजे अशा पाच चिपा हातात घेतल्या की टिफ्रॅकची सारी स्मृती मुठीत आली! आणि ही चिपदेखील आता जुनी झाली आहे.

मिठागराचा बांध

या चिपला इप्रॉम म्हणतात. तिचा शोध इंटेल कंपनीतील डॉव्ह फ्रोमन यांनी लावला; १९७१ साली ती बाजारात आली. शोधाची हकीकत मनोरंजक आहे. काही बिघडलेल्या चिपांत ट्रान्झिस्टरच्या गेटाची जोडणी तुटलेली होती. त्या एकाकी पडलेल्या गेटावर विद्युत्भार अडकून राहतो आणि ट्रान्झिस्टरचे वागणे बदलते, असे त्यांच्या ध्यानात आले. इतरांनी ज्याला दोष म्हटले असते त्यातून त्यांनी स्मृती घडवली. गेटावर भार अडकवून ठेवण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील कांग आणि झे यांनी १९६७ सालीच मांडली होती.

ही रचना समजण्यासाठी भाईंदरकडच्या वाचकाने मिठागर डोळ्यांपुढे आणावे. खाडी आणि मिठागर यांच्यामध्ये बांध असतो. रोजच्या भरतीला पाणी बांधापर्यंत येते, आत येत नाही. मोठ्या उधाणाला मात्र ते बांधावरून आत पडते. ओहोटी लागली तरी आतले पाणी आतच राहते. चिपमधील प्रत्येक घरात असे एक इवलेसे मिठागर आहे. त्याला तरंगता गेट म्हणतात. त्याच्या चहूबाजूंचा बांध सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे वाळूत असतो त्याच पदार्थाचा, आणि तो वीज वाहू देत नाही. रोजची भरती ५ व्होल्टची. चिप वाचताना एवढाच दाब लागतो. उधाण २५ व्होल्टचे. ते आले की इलेक्ट्रॉन बांध ओलांडून आत जातात आणि अडकतात. कोरे घर 'एक' असे वाचले जाते आणि इलेक्ट्रॉनांनी भरलेले घर 'शून्य' असे. भरणे म्हणजे नेमक्या घरांत एकाचे शून्य करणे.

पुसायचे असेल तर? चिपच्या पाठीवर काचेसारखी एक खिडकी असते. तिच्यातून २,५३७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे जंबुपार किरण सुमारे वीस मिनिटे सोडले, की इलेक्ट्रॉनांना बांध ओलांडण्याइतकी ऊर्जा मिळते आणि सारी घरे एकदम कोरी होतात. एकच घर निवडून पुसता येत नाही. पुसायची तर पूर्ण पाटी पुसावी लागते.

भरण्याची शिस्त

मामांचे एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे : "भरलं म्हणजे झालं नाही, वाचून बघितलं तरच भरलं." त्यांच्या शिस्तीचे टप्पे पुढीलप्रमाणे.

पहिला टप्पा कोरेपणाची तपासणी. भरण्यापूर्वी सर्व घरे 'एक' आहेत ना, हे वाचून पाहावे. एखादे घर आधीच शून्य असेल तर ते एक करणे भरणाऱ्या यंत्राच्या हातात नसते.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष भरण्याचा. २७१६ चिपला आधी ५ व्होल्ट द्यावे आणि मग २५. काढताना उलट क्रम. वरचा दाब २६ व्होल्टच्या पुढे गेला तर चिप कायमची निकामी होऊ शकते, म्हणून क्षणिक उसळी गिळण्यासाठी तेथे एक लहान कपॅसिटर जोडतात. प्रत्येक अक्षराला, म्हणजे आठ घरांच्या गटाला, एका सेकंदाचा विसावा भाग उधाण द्यायचे. अशी अक्षरे २,०४८. तेव्हा संपूर्ण चिप भरायला १०२ सेकंद लागतात. नंतरच्या चिपांसाठी अधिक शहाणी रीत निघाली. लहान ठोका द्यायचा, वाचायचे. भरले नसेल तर पुन्हा ठोका. भरल्याचे दिसले की आणखी एक लांब ठोका, पक्केपणासाठी. काठोकाठ भरलेले मिठागर आणि घोटाभर पाण्याचे मिठागर दुरून सारखेच दिसते. पण थोडी गळती झाली की फरक कळतो.

तिसरा टप्पा पडताळणीचा. नुसते ५ व्होल्टवर वाचून भागत नाही. दाब थोडा वाढवूनही वाचावे : अर्धवट भरलेले घर वाढत्या दाबाला टिकत नाही, शून्याऐवजी एक दाखवू लागते. दाब थोडा कमी करूनही वाचावे : अर्धवट पुसलेले घर तेथे उघडे पडते. दोन्ही परीक्षा उतरल्या तर मधल्या रोजच्या वापरात चूक होण्याचा संभव फार कमी. शेवटी सर्व अक्षरांच्या संख्यांची बेरीज करून मूळ प्रतीच्या बेरजेशी ताडून पाहतात आणि ती बेरीज चिपवरच्या चिठ्ठीवर लिहितात. पुढे दहा वर्षांनी कोणी चिप वाचली तरी एका आकड्यावरून खरेखोटे ताडता येते.

पक्की करण्याची रीत

येथे कोणी विचारील, पडताळणी झाल्यावर आणखी काय उरले? उरतो तो काळ. बांधाला खेकड्याचे बीळ असेल तर आज पाणी दिसते, उद्याही दिसते. महिन्याने ते नसते. चिपच्या बांधातही अशी बिळे असतात. कारखाना दहा वर्षे थांबून ती शोधू शकत नाही. म्हणून काळाऐवजी उष्णता वापरतात. उष्णतेने गळती वेगाने होते. वर्षांत दिसणारा दोष तासांत दिसतो. चिपची सर्व घरे भरायची, दीडशे अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापलेल्या भट्टीत ती ठेवायची, बाहेर काढून पुन्हा वाचायची. ज्या घराने भार गमावला ती चिप बाद.

दुसरी कसोटी 'बर्न-इन' नावाची. हिच्यात चिपला वीज देऊन, काम करवून तापवतात. लष्करी वापराच्या मानकात १२५ अंशांवर १६० तास अशी अट आढळते. कारण असे की अशा वस्तूंचे बिघाड आयुष्याच्या आरंभी अधिक होतात, मग दीर्घकाळ क्वचित होतात आणि झीज झाल्यावर पुन्हा वाढतात. आमच्याकडे नवी लाकडी होडी थेट खोल समुद्रात नेत नाहीत. आधी किनाऱ्याजवळ पाण्यात ठेवतात. फळ्या फुगतात, जी फट गळायची ती तेथेच गळते. बर्न-इन ही त्याच शहाणपणाची कारखान्यातील आवृत्ती म्हणावी.

वलांडीवरचा प्रयोग

ऐकलेले खरे मानण्यापेक्षा पाहावे, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मी मामांच्या देखरेखीखाली एक प्रयोग केला. दोन चिपा सारख्याच मजकुराने भरल्या. एकीच्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली, दुसरीची खिडकी उघडी ठेवली. दोन्ही एका फळीवर ठेवून, बोंबील वाळवतो त्या वलांडीवर बांधल्या. आजोबांनी विचारले, "हे कोणतं मासं?" रोज संध्याकाळी आणून त्या वाचत होतो. पहिले काही दिवस दोघीही बिनचूक. नवव्या दिवशी उघडी चिप चुकू लागली आणि बाराव्या दिवशी तिच्यातील मजकूर ओळखू येईना. झाकलेली मात्र जशीच्या तशी. सर्व चुका एकाच दिशेच्या होत्या, हे विशेष. शून्याचा एक झाला होता, एकाचा शून्य कोठेही झाला नव्हता. पाणी बांधाबाहेर जाऊ शकते, उधाणावाचून आत येऊ शकत नाही, या सिद्धांताचा पुरावा मला वलांडीवर मिळाला. तेव्हापासून खिडकीवरच्या त्या क्षुद्र चिठ्ठीकडे मी आदराने पाहतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही भट्टीत कळत नाही, ती म्हणजे खारा वारा. आमच्याकडे चिपच्या आतला भार टिकतो आणि बाहेरचे पाय गंजतात. पाय आणि सॉकेट यांत गंज बसला की चिप निर्दोष असूनही चुकीची वाचली जाते. म्हणून समुद्रावरच्या यंत्रात पेटीचा रबरी जोड शाबूत ठेवणे हे चिपइतकेच महत्त्वाचे.

आजची चिप आणि आमच्या खुणा

इप्रॉमचे युग आता मागे पडले. विजेनेच पुसता येणारी स्मृती आली. १९८४ साली तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती मांडली, आणि आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आज तिचीच वंशावळ आहे. तिच्यातही भार अडकवण्याचे तत्त्व तेच. पण प्रत्येक पुसण्यागणिक बांध किंचित झिजतो, ही तिची मर्यादा. म्हणून तिच्यातही चुका शोधण्याची व दुरुस्त करण्याची सोय ठेवलेली असते. सांगायचा मुद्दा असा की चिप कोणतीही असो, भरणे, वाचून पाहणे, ताणून पाहणे आणि दुसरी प्रत ठेवणे या चार गोष्टी चुकत नाहीत.

आता आमच्या खुणांविषयी. यंत्रात नवी बॅटरी बसवली आणि ती बदलण्याची तारीख झाकणावर लिहिली. वडिलांच्या जुन्या वहीत ४१ खुणा सापडल्या. बाकीच्या आजोबांना विचारल्या. त्यांच्या खुणा आकड्यांत नाहीत : दीपगृह अमुक टेकडीच्या खांद्यावर आले आणि चर्चचा मनोरा अमुक माडांच्या रांगेआड गेला की ती जागा. दोन रेषा जेथे छेदतात तेथे बिंदू, हे भूगोलाच्या वर्गात मी शिकलो. आजोबा ते शाळेत न जाता वापरत आले. डिसेंबरपर्यंत त्यांना बोटीवर नेऊन अकरा जागा आम्ही पडताळल्या. त्यांतील दहा ठिकाणी कव जिथल्या तिथे लागली. अकराव्या जागेची एक खूण असलेले झाड तोडले गेले होते. आजोबा तेथे थोडा वेळ गप्प राहिले. त्यांच्या स्मृतीत चूक नव्हती, किनारा बदलला होता.

या ५२ खुणा आता यंत्रात आहेत, वहीत आहेत, माझ्या मोबाइलमध्ये आहेत. बोलाचाली झाली त्या शेजाऱ्यांनाही त्यांच्याकडच्या खुणांशी ताडण्यासाठी आम्ही प्रत दिली. वादाची जागा दोघांच्या आकड्यांत एकच निघाली नाही, चांगले अर्ध्या मैलाचे अंतर निघाले, आणि भांडण तेथेच मिटले. शिवाय हौसेखातर एका २७१६ चिपमध्येही त्या भरल्या. प्रत्येक खुणेला ३२ अक्षरे, म्हणजे तीत एकूण ६४ खुणा मावतात. बारा घरे कोरी आहेत. कोरे घर पुढे केव्हाही, बाकीचे न पुसता, भरता येते. आजोबांना अजून काही जागा आठवतात असे ते म्हणतात. समुद्र शांत असेल त्या रविवारी आम्ही निघणार आहोत.