फ्लोट आणायला निघण्याआधी

भाचेबुवा, जुनी जीप घेतलीस, रंग दिलास, छान केलंस. आता टाकीचा काटा हलत नाही म्हणून भंगार बाजारातून मिळेल तो फ्लोट उचलायला निघालास, तर जरा टेक. चहा होईपर्यंत एवढं ऐकून घे.

१. आधी अर्थिंग बघ. टाकीचा रंग आणि रबरी पॅकिंग यांनी ते तुटतं, म्हणून फ्लोटच्या तबकडीपासून चेसीला एक वेगळी तार दे — पुष्कळदा फ्लोट ठणठणीत असतो आणि बिचारा उगाच बदलला जातो.

२. फ्लोट वरखाली झाला की त्याच्या दांडीने आतल्या तारेचे ओहम कमी-जास्त होतात — काट्याला तेल दिसत नाही, त्याला फक्त ओहम कळतात. टाकी बोलते, काटा ऐकलेलं सांगतो.

३. स्क्रूची भोकं बसली म्हणून फ्लोट-काट्याची जोडी जुळली असं धरू नको — आपल्या रस्त्यांवरची जीप अमेरिकेच्या विलिजची, पद्मिनी इटलीच्या फिएटची, ॲम्बेसेडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची. तीन देशांचे काटे एकच भाषा कशी बोलतील?

४. आकडे पाठ कर. जनरल मोटर्सच्या पद्धतीत रिकामी टाकी ० आणि भरलेली ९० ओहम, व्हीडीओ (VDO) कंपनीच्या पद्धतीत १० आणि १८०. फोर्डच्या जुन्या गाड्यांत मात्र उलटं, रिकामी ७३ आणि भरलेली १०. स्टुअर्ट-वॉर्नरमध्ये २४० आणि ३३ — उलट्या चालीचा फ्लोट लावलास तर टाकी भरेल तसा काटा खाली येईल.

५. दुकानात मल्टिमीटर घेऊनच जा. दांडी तळाला आणि वर नेऊन दोन्ही आकडे लिही, मग हळूहळू फिरव — मध्येच आकडा उडाला, तर आतली तार झिजली आहे. घाईचा फ्लोट घाटात रुसतो.

६. “एक रेझिस्टन्स टाकून देतो, भाऊ,” असं कुणी म्हटलं तर हिशोब मांड. १८० ओहमच्या फ्लोटला ९० चा काटा जोडायला समांतर १८० लावले, तर भरलेली टाकी बरोबर दिसते. पण निम्मी टाकी दोन-तृतीयांशाच्याही वर दिसते आणि रिकाम्या टाकीत दहावा हिस्सा शिल्लक भासतो. काटा जास्त दाखवतो, हाच मोठा धोका आहे — कमी दाखवणारा काटा फार तर लवकर पंपावर नेतो, जास्त दाखवणारा रस्त्यात उभं करतो. उलटी चाल तर कुठल्याच रेझिस्टन्सने सुलटी होत नाही.

७. दांडीची लांबी टाकीच्या खोलीशी ताडून बघ — खोल टाकीचा फ्लोट उथळ टाकीत घातला, तर तो छताला टेकतो आणि काटा कधी फुलवर जात नाही.

८. टाकी उघडण्याआधी बॅटरीची तार काढ, काम झाडाखाली मोकळ्यावर कर, विडीवाल्याला लांब बसव — जळगाव-भुसावळचा मे महिना तुला माहीत आहे, पेट्रोलची वाफ तेव्हा जमिनीलगत पसरते आणि दिसत नाही.

९. नवी जोडी लागली की सपाट जागेवर, रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओत आणि काटा कुठे थांबतो ते दर वेळी कागदावर लिही — टाकी वर-खाली सारख्या रुंदीची नसते, अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असेलच असं नाही. आणि लळिंगच्या चढावर काट्याकडे बघून कधी हिशोब करू नको, तिरप्या गाडीत तेल एका बाजूला जातं.

१०. जळगाव-धुळे रस्त्यावर एरंडोल, पारोळ्याला पंप आहेत, तिथे निभावतं. पण चाळीसगावहून कन्नडला जाणार असशील, तर चाळीसगावातच भरून घे — मधल्या घाटात वाहतूक अडकली की गाडी किती वेळ उभी राहील ते कुणी सांगत नाही. आणि तो लिटरचा कागद गाडीच्या कप्प्यात ठेव. उद्या धाकटा भाऊ गाडी नेईल, त्यालाही कळायला हवं.