भरतीचे गणित

मुर्ध्यातून कुणाचे मूल परदेशी शिकायला निघाले की आपण म्हणतो, डॉक्टर होणार, नाहीतर इंजिनिअर. पण आता मुले पर्यावरणशास्त्र शिकायलाही जातात. माती, पाणी, झाडे, मासे आणि माणसे यांचा एकमेकांशी संबंध काय, तो या शास्त्रात शिकवतात. हे सगळे वर्गात बसून येत नाही. चिखलात उतरावे लागते. आणि तिथल्या जुन्या माणसांजवळ बसून त्यांना विचारावे लागते.

हसू आले ना? "आम्हा अडाण्यांना काय विचारायचं?" ऐका तर.

पॅसिफिक महासागरात पलाउ नावाची बेटे आहेत. रॉबर्ट जोहानेस हे समुद्राचे शास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिले. कोणता मासा चंद्राच्या कोणत्या दिवसांत अंडी घालायला जमतो, हे तिथल्या कोळ्यांना तोंडपाठ होते. त्यातले कितीतरी शास्त्राच्या पुस्तकांत तोवर आलेच नव्हते. जोहानेस यांनी ते ऐकले, जमेल तेवढे ताडून पाहिले आणि 1981 साली त्याचे पुस्तक केले. आज ते पुस्तक या विषयाचे विद्यार्थी वाचतात.

चंद्राचा हिशेब आपल्याकडेही आहे, बरं का. होडी काढणाऱ्याला आणि मिठागरात पाणी घेणाऱ्याला भरतीची वेळ लागते. जुनी माणसे तिथीला 3 ने गुणून 4 ने भागतात. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, आले सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पुरी भरती.

आता हे ताडून पाहू. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, आले सव्वाअकरा. पण मुंबईच्या किनाऱ्याला पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास येते. पाऊण तास गेला कुठे? हिशेबात भरती रोज 45 मिनिटे मागे सरते असे धरले आहे. खरे तर ती सरासरी 50 मिनिटांच्या आसपास सरते, कारण चंद्र तितका उशिरा उगवतो. रोजचा थोडा फरक पंधरवड्यात साठतो. खाडीत आत जावे तसा आणखी उशीर होतो. म्हणजे हिशेब खोटा नाही, ढोबळ आहे. विचारणे आणि मोजणे, दोन्ही लागते ते यासाठी.

महाराष्ट्रातही अशी माणसे झाली. पुण्याचे माधव गाडगीळ अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकले. 1969 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. परत आल्यावर ते वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवराया हिंडले. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावात काळकाईची राई तुटणार होती. राई गेली तर ओढा आटेल, अशी गावकऱ्यांना धास्ती. त्यांनी या दोघांना गाठले. शास्त्रज्ञांनी गावाचे म्हणणे सरकारपुढे मांडले आणि तोड थांबली.

आपल्या खाडीचा कोणता फाटा कधी बुजला, तिवरे कुठवर होती, निवट्या आणि चिंबोऱ्या कुठे मिळत, हे नकाशात नाही. शिकून आलेली एखादी मुलगी उद्या वही घेऊन विचारायला आली, तर तिला सांगणार कोण? तुम्हाला आता लिहिता येते. घरच्या म्हाताऱ्यांना विचारून चार ओळी लिहून ठेवा.

आणि आजची तिथी पाहा. गुणा, भागा. मग घड्याळ घेऊन खाडीवर जा. फरक किती पडला, तो वहीत मांडा.